तिरपा काप

माणसाचा राग नाकावर असतो म्हणतात. तिचा नाकावर थांबायचाच नाही, थेट जिभेवर यायचा. उंची जेमतेम पाच फूट, म्हणून सगळ्या बाजाराने तिचं नाव लवंगी ठेवलं होतं, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, तोंडावर सगळे ताईच म्हणायचे. चौकात तिचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्टचा फोटो काढायला आलेली भली भली माणसं तिच्यापुढे खांदे सरळ करून बसायची. "हसू नका, कागदपत्रांवर हसलेली माणसं चालत नाहीत," असं ती एकदा म्हणाली की माणूस घरी पोचेपर्यंत हसत नसे.

पण वसंत आला, झाडांना कोवळी पानं फुटली, की हीच बाई रोज पहाटे नदीकाठच्या पंपघराच्या गच्चीवर जायची आणि तीन-तीन तास तोंडातून ब्र काढायची नाही. पंपघरामागे चार उंच जुनी झाडं होती आणि त्यांच्या शेंड्यांवर राखी बगळ्यांची घरटी. नऊ वर्षं ती त्यांचे फोटो काढत होती. दरवर्षी एकच घरटं धरायचं आणि पहिल्या काडीपासून पिल्लं उडेपर्यंत त्याचाच पिच्छा पुरवायचा. गच्चीच्या कठड्याला तिने स्वतः शिवलेलं मातकट कापड बांधलेलं असे. अंधारातच त्याच्या आड बसायचं, कापडाच्या भोकातून कॅमेऱ्याचं तोंड तेवढं बाहेर काढायचं, आणि नर-मादीची पाळी बदलेपर्यंत उठायचं नाही. खोकला आला तर गिळायचा. "बगळा दचकला की घरटं सोडतो, आणि त्याने घरटं सोडलं की कावळा टपलेलाच असतो," असं ती सांगायची. ढोंगी माणसाला लोक बगळा म्हणतात याचासुद्धा तिला राग यायचा. "तासभर एका पायावर उभे राहून दाखवा, मग ठेवा नावं!"

यंदाचं घरटं पाण्याच्या टाकीला लागून असलेल्या झाडावर होतं. चार पिल्लं, एकापेक्षा एक खादाड. सगळं झकास, फक्त एक भानगड. एक भरगच्च फांदी नेमकी घरट्यावर आडवी आली होती. कधी मादीची चोच पानाआड, कधी पिल्लांची डोकी पानाआड. तीन आठवडे ती त्या फांदीच्या नावाने बोटं मोडत होती. जेवताना फांदी, भांडी घासताना फांदी, दिवा मालवताना फांदी. "त्या मेलीने माझं अख्खं वर्ष खाल्लं!" ऐकायला घरात एकच माणूस होता, तिचा नवरा. स्टुडिओच्या मागच्या खोलीत तो फ्रेमा बनवायचा. बोलणं कमी, हात सोन्यासारखा. ती बोलायची आणि तो "हं" म्हणायचा, असा सव्वीस वर्षांचा संसार.

त्यात त्या पत्राचं दुखणं. शहरात दरवर्षी पक्ष्यांच्या फोटोंचं प्रदर्शन भरायचं. समोरच्या मोठ्या भिंतीवर कायम दातांच्या डॉक्टरांचा फोटो, आणि हिचा जिन्याखाली, स्वच्छतागृहाचा बाण दाखवणाऱ्या पाटीशेजारी. गेल्या वर्षी परीक्षकांनी तिला कळवलं होतं, "पाने फार मध्ये येतात. चित्र स्वच्छ हवे." ते पत्र तिने फाडलं नाही, फ्रिजवर चिकटवलं. रोज दूध काढताना ती ते वाचायची आणि दार आपटायची.

तर त्या दिवशी ती नेहमीसारखी अंधारात जाऊन बसली. आदला सबंध दिवस एका शाळेत वर्गावर्गाचे फोटो काढण्यात गेला होता, अंग आंबलेलं होतं. फटफटलं, तिने कॅमेऱ्याला डोळा लावला आणि तिचा शीण कुठल्या कुठे पळाला. आज काय स्वच्छ दिसतंय! मादी चोचीपासून शेपटीपर्यंत अख्खी. नर मासा घेऊन उतरला, पिल्लांनी माना उंच करून त्याची चोच धरली, आणि मध्ये एक पान नाही. ती बटण दाबत सुटली. नऊ वर्षांची उपाशी असल्यासारखी दाबत सुटली. दोनशे चौदा फोटो झाले तेव्हा टाकीच्या कडेवरून ऊन आलं आणि मादीच्या पाठीवर पडलं.

इथे या वेळेला ऊन कसं? इथे तर सावली असते.

तिने कॅमेऱ्यावरून डोळा काढला. फांदी नव्हती. खोडाजवळ ताजा पांढरा काप होता, आणि खाली पंपघराच्या भिंतीशी अख्खी फांदी पानांसकट पडलेली. घरटं उघडंबोडकं. तिने पिल्लं मोजली. तीन. चौथं खाली दबलं असेल म्हणून पुन्हा मोजली. तीनच.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण नियम तो नियम. नर-मादीची पाळी बदलेपर्यंत ती दातओठ खात बसून राहिली आणि मग जिना उतरली ती अशी, की खाली पंपवाल्याच्या हातातला चहा हिंदकळला.

"कोण आलं होतं काल इथे?"

"कुठे? इथे?" पंपवाला म्हणाला. "मी तर आत होतो ताई. मोटर बिघडली होती."

"माझ्या डोळ्यांदेखत नऊ वर्षं मोटर बिघडलेली नाही, ती बरोबर कालच बिघडली?"

पंपवाला चपलेकडे बघत राहिला. तो चपलेकडे का बघतोय हे तिने विचारायला हवं होतं. पण रागावलेल्या माणसाला उत्तर आधी सापडतं आणि प्रश्न मागाहून. तिला उत्तर सापडलं होतं: दातांचे डॉक्टर. गेल्या रविवारी आपली ती हातभर लांब लेन्स घेऊन तेच गच्चीवर आले होते. तेच म्हणाले होते, "ताई, फांदी मध्ये येतेय हो तुमच्या." हिच्या जिभेवरची फांदी दुसऱ्याच्या तोंडून ऐकून तेव्हाही तिला झोंबलं होतंच.

नऊला दवाखाना उघडला आणि सव्वानऊला ती आत घुसली. बाहेर तीन जण गाल धरून बसले होते. "नंबर आहे," असं त्यातल्या एकाने म्हणून पाहिलं. तिने त्याच्याकडे नुसतं बघितलं. आत खुर्चीत एक गृहस्थ आ करून पडलेले, तोंडात कापूस, आणि डॉक्टर त्यांच्यावर वाकलेले.

"करवत कुठे ठेवलीत, डॉक्टर?"

"कसली करवत?"

"वेड पांघरून पेडगावला जाऊ नका! एका फोटोसाठी फांदी कापता? भिंतीवर मिरवायला चार पिल्लं उन्हात भाजायला टाकता? एक तर गेलंसुद्धा! लाज नाही वाटत? दात उपटायचे सोडून फांद्या उपटायला कुणी सांगितलं?" खुर्चीतले गृहस्थ उठायला लागले. "तुम्ही आ करा!" ती त्यांच्यावर डाफरली आणि ते पुन्हा आडवे झाले.

तोंडाचा पट्टा पाच मिनिटं चालू होता. बाहेरचे तिघे गाल सोडून दाराशी येऊन उभे राहिले. डॉक्टरांचे कान लाल झाले होते. त्यांनी हातमोजे काढले आणि टेबलावर आपटले.

"झालं बोलून? मी कापलेली नाही. काल मी रात्री आठपर्यंत इथेच होतो, यांना विचारा, यांचीच दाढ काढत होतो. आणि घरट्याला हात लावणाऱ्याची मलाही चीड आहे, ती काही तुमच्या एकटीच्या मालकीची नाही. आता एक मी विचारतो. फांदी नाही हे तुम्हाला कळलं कधी? फोटो काढायच्या आधी, की नंतर?"

तिने तोंड उघडलं. जन्मात पहिल्यांदा तिची दातखीळ बसली, आणि तीही दातांच्या दवाखान्यात.

"माझ्याकडे पुरावा आहे," एवढंच ती म्हणाली आणि बाहेर पडली.

पुरावा म्हणजे तेच फोटो. स्टुडिओत येऊन तिने ते संगणकावर लावले. कापलेल्या फांदीचं थोटूक प्रत्येक फोटोच्या डाव्या कोपऱ्यात आलं होतं. 'मोठा करून छापते आणि त्याच्या दवाखान्याच्या दारावर चिकटवते,' असं पुटपुटत ती तो कोपरा मोठा करत गेली. काप पडदाभर झाला. साल कुठे सोललेली नाही, कारण आधी खालून खाच घेतली होती. धसमुसळेपणा नाही, एकसुद्धा कुसळ नाही. बारीक दात्यांची करवत. आणि काप तिरपा. नुसता तिरपा नाही, काटकोनाच्या बरोब्बर अर्ध्यात.

मागच्या खोलीत करवत चालली होती, खर्र, खर्र.

तिने मान वळवली. बाकावर लाकडी पट्ट्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीचं टोक त्याच तिरप्या कापाचं. दोन तिरपी टोकं भिडली की फ्रेमेचा कोपरा होतो. सव्वीस वर्षं ती ऐकत आली होती, "केसभर इकडेतिकडे झालं तर कोपरा उघडा पडतो." या माणसाच्या हाताला दुसरा काप ठाऊकच नव्हता. भाजी कापली तरी ती तशीच कापायचा.

"अहो."

करवत थांबली. नवरा दारात आला. चेहऱ्यावर हसू होतं, सकाळपासून दाबून ठेवलेलं. "आला ना छान? मुद्दामच सांगितलं नाही. पंपवाल्यालाही म्हटलं, बोलू नकोस, तिची तिलाच कळू दे गंमत."

गंमत! आता त्या बाईने काय करावं सांगा. आपलेच दात, आपलेच ओठ. शिव्या सगळ्या दवाखान्यात संपवून आलेली, आणि चोर सोडून फाशी दिली ती संन्याशाला.

"कशी कापलीत?" तिने विचारलं. आवाज इतका हळू होता की नवऱ्याचं हसू जागच्या जागी विरलं.

"टाकीची लोखंडी शिडी आहे ना, तिच्यावरून हात पोचतो. पाच मिनिटांचं तर काम."

"पाच मिनिटं घरट्यावर कोण होतं?"

"ते दोघे उडाले होते. घिरट्या घालत होते वर. आलेच की नंतर."

"आणि कावळा?"

त्याने सदऱ्यावरचा भुसा झटकला.

"अहो, मी विचारतेय, कावळा आला होता का?"

"आला होता एक. मी हाड् हाड् केलं. पण एका हाताने शिडी धरलेली, एका हातात करवत..." त्याने हात पुसले, पुसलेलेच पुन्हा पुसले. "काहीतरी नेलं त्याने. मला वाटलं, अंड्याचं टरफल असेल."

मग मात्र ती फुटली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं ती ओरडली. तुमच्या हातांना आग लागो, असं ओरडली. नऊ वर्षं मी खोकला गिळला आणि तुम्ही करवत घेऊन चढलात, असं ओरडली. बाहेर फोटोसाठी आलेले एक काका दारातूनच परत गेले. नवरा नेहमीसारखा "हं" म्हणेल असं तिला वाटलं होतं. तो म्हणाला नाही.

"तीन आठवडे कोण बोटं मोडत होतं?" तो म्हणाला, आणि सव्वीस वर्षांत त्याचा आवाज पहिल्यांदा तिच्या वर गेला. "फांदी मेली, फांदी जळो, फांदीने वर्ष खाल्लं! फ्रिजवर ते पत्र कुणी लावलंय? मला बगळ्यातलं काय कळतं? मला तू कळतेस! दरवर्षी त्या जिन्याखाली जाऊन उभी राहतेस आणि घरी येऊन जेवत नाहीस, ते मी बघतो. तू म्हणालीस फांदी नको, मी काढली फांदी. आणि एवढं वाईट होतं तर हे काय आहे?" त्याने पडद्याकडे बोट केलं. कोपऱ्यात आकडा होता, दोनशे चौदा.

एकाच सकाळी दुसऱ्यांदा तोच प्रश्न. तिला त्या प्रश्नाचा राग आला, विचारणाऱ्याचा आला, आणि सगळ्यात जास्त आला तो पहाटेच्या त्या बाईचा, जी 'काय स्वच्छ दिसतंय' म्हणून खूश झाली होती. फांदी नव्हती म्हणूनच तर स्वच्छ होतं. नऊ वर्षं बघणाऱ्या डोळ्यांना ते कळायला दोनशे चौदा फोटो लागावेत? कळलं नव्हतं, की कळून घ्यायचं नव्हतं?

भिंतीवरच्या घड्याळात सव्वादहा झाले होते. अकराला ऊन टाकीच्या वर येतं आणि घरट्यावर सरळ पडतं, हे तिला पाठ होतं. अंगावर धड पिसं न फुटलेली पिल्लं त्या उन्हात दुपारपर्यंत टिकत नाहीत, हेही पाठ होतं.

"भांडण नंतर," ती म्हणाली. "सुतळी घ्या. जाड घ्या. आणि चला."

पंपवाला त्यांना बघून उभाच राहिला. "ताई, मी..."

"तुमच्याकडे मागाहून बघते. डब्याचं झाकण आणा एक, पत्र्याचं. आणि ही फांदी उचला."

फांदी उचलून काही उपयोग नव्हता. पानं कोमेजून लोंबत होती, सावली म्हणून तिची काडीची किंमत उरली नव्हती. तिने वर पाहिलं. मादी घरट्याच्या काठावर पंख पसरून उभी होती, चोच उघडी, गळा धपापत. स्वतः उन्हात होरपळत ती पिल्लांवर सावली धरून होती. ती किती वेळ उभी राहणार? नर मासे आणायला गेलेला.

लवंगी गच्चीवर गेली आणि कठड्याचं ते मातकट कापड सोडायला लागली. तिच्या हाताने शिवलेलं, नऊ वसंत तिला लपवणारं. नवऱ्याने नुसतं पाहिलं आणि कापड खांद्यावर टाकून शिडी चढायला लागला. उंची त्याला सोसत नसे, स्टुडिओतला दिवा बदलायचा तरी तो स्टुलावर चढताना कुरकुरायचा. काल कसा चढला असेल, असं तिच्या मनात आलं, आणि त्याचाही तिला रागच आला.

तो वर पोचताच मादी उडाली. लगेच दोन कावळे शेजारच्या शेंड्यावर येऊन बसले. आणि नऊ वर्षं ज्या गच्चीवर तिने खोकला गिळला होता, त्याच गच्चीवर ती झाकण बडवत ओरडायला लागली. "या, या मेल्यांनो! एक नेलंत ना काल? आज पुढे तर या! माना मुरगाळीन!" जे डॉक्टरांना बोलली, नवऱ्याला बोलली, स्वतःला बोलायचं राहिलं होतं, ते सगळं तिने त्या दोन कावळ्यांना ऐकवलं. घसा फाटला, हात दुखायला लागला, झाकणाला पोचे आले. कावळे एक फांदी मागे सरकले, पण गेले नाहीत.

तिकडे नवरा एका हाताने शिडी धरून दुसऱ्या हाताने आणि दातांनी सुतळीच्या गाठी मारत होता. घाबरलेल्या पिल्लांनी त्याच्यावर खाल्लेलं सगळं ओकून टाकलं, अर्धवट पचलेले मासे, डोक्यावर आणि खांद्यावर. त्याने तोंड पुसलंसुद्धा नाही. कापडाचं एक टोक शिडीला, दोन टोकं फांद्यांना, चौथं कापलेल्या फांदीच्या थोटकाला. कापड ताणलं गेलं आणि घरट्यावर सावली पडली.

तो उतरला. दोघं गच्चीच्या मागच्या भिंतीला टेकून खाली बसली. आता मादी त्या परक्या कापडाखाली परत येते की नाही, एवढंच राहिलं होतं. दहा मिनिटं गेली. वीस गेली. त्याच्या अंगाला माशांची घाण येत होती. पण ती सरकली नाही. अर्ध्या तासाने मादी शेजारच्या झाडावर उतरली. मान लांब करून कापडाकडे बघत बसली. मग उडाली, घिरटी घातली, आणि घरट्याच्या काठावर येऊन उभी राहिली. पिल्लं तिच्या चोचीला लोंबकळली. तीन.

नवरा रडत होता. "चौथं मी मारलं गं," तो म्हणाला.

"तुम्ही कापलंत," ती म्हणाली. "बोलले मी होते."

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता ती दवाखान्यात गेली. बाहेर माणसं जमेपर्यंत थांबली, कारण शिव्या चारचौघांत दिल्या होत्या तर माफीही चारचौघांतच मागायला हवी होती. "डॉक्टर, फांदी माझ्या घरच्या करवतीने कापली गेली. तुम्हाला बोलले ते चुकले. आणि तुम्ही विचारलं होतं ना, आधी की नंतर? नंतर. दोनशे चौदा फोटो काढल्यानंतर." एवढं बोलायला तिला जेवढा त्रास झाला तेवढा तिथे कुणाला दाढ काढतानाही झाला नसेल. डॉक्टर म्हणाले, "बसा, ताई." ती बसली नाही.

त्या वसंतात तिने पुढे एकही फोटो काढला नाही. रोज पहाटे मात्र जायची, गाठी तपासायची. तीनातली दोन पिल्लं उडाली. तिसरं वाऱ्यात पडलं. ते आपल्यामुळे की वाऱ्यामुळे, हे तिला कधीच कळणार नव्हतं.

प्रदर्शनाची तारीख आली तेव्हा नवऱ्याने भीत भीत विचारलं, "ते फोटो पुसून टाकू का?"

"नाही. एक मोठा छापलाय, त्याला फ्रेम करा. त्याच करवतीने."

"पाठवायचाय?"

"इथे लावायचाय."

आता तो फोटो स्टुडिओत खुर्चीच्या बरोब्बर समोर आहे. पासपोर्टच्या फोटोला बसलेल्या प्रत्येकाला तो दिसतो. माणसं खांदे सरळ करतात, समोर बघतात आणि त्यांचा चेहरा खुलतो. "वा! किती स्वच्छ आलाय हो! आणि तीन पिल्लं, किती गोड!"

"डावा कोपरा बघा," ती म्हणते. ते बघतात, तिथे त्यांना एक पांढरा तिरपा काप दिसतो, त्यातून त्यांना काही कळत नाही. मागच्या खोलीतली करवत तेवढ्यापुरती थांबते.

"चार होती," ती म्हणते. "आता समोर बघा. हसू नका."